पदवी नसलेला पालीचा प्राध्यापक : धर्मानंद कोसंबी

मरोळ-अंधेरीच्या बाजूला ऑक्टोबर उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच बोलणे असते. नागपूरला कोण जाणार, गाडीचे तिकीट मिळाले का, विहाराला रंग कधी काढायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्याच महिन्यातली आणखी एक तारीख मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी धर्मानंद दामोदर कोसंबी जन्मले. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या किती तरी आधी, मराठी माणसाला मूळ पाली ग्रंथांतला बुद्ध मराठीत वाचायला मिळाला तो मुख्यतः या माणसामुळे. तरीही जयंत्यांच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो दिसत नाही. त्याला कारणे आहेत, ती पुढे येतील.

आपल्याकडे कोसंबींचे नाव निघते ते बहुधा एका कौतुकाच्या वाक्यात: शाळा धड झाली नाही आणि हार्वर्डमध्ये काम केले. वाक्य खरे आहे. पण ते एवढ्यावरच सोडले तर त्यातून चुकीचा अर्थ निघतो. ज्या घरात पहिली पिढी कॉलेजची पायरी चढते आहे, तिथे तर हा अर्थ महागात पडेल. म्हणून हे चरित्र जरा सावकाश सांगायला हवे.

घर सारस्वत ब्राह्मणांचे, पण श्रीमंत नव्हे. नारळाची बाग, थोडे उत्पन्न, मोठे कुटुंब. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य, मराठी शाळांची वानवा, त्यात हा मुलगा सतत आजारी. शिक्षण तुटक-तुटक झाले. इंग्रजी शिकण्याची ओढ होती, सोय नव्हती. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले आणि बागेची कामे अंगावर पडली. आपण काहीच शिकलो नाही, आयुष्य असेच फुकट जाणार, ही बोच त्या तरुणाला आतून कुरतडत होती. मन उदास व्हायचे, घर सोडून जाण्याचे प्रयत्न व्हायचे आणि फसायचे. पुढे ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे लिहिले आहे, स्वतःला मोठे न करता. आपल्या चुका, आळस, हट्ट, घरच्यांशी झालेले वागणे, काहीच झाकलेले नाही. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ आहेत, पण लेखकाने स्वतःकडे असे बाहेरच्या माणसासारखे पाहिलेले थोडेच सापडते.

१८९७ च्या सुमारास मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मग एडविन अर्नोल्डच्या ‘लाइट ऑफ एशिया’वर आधारलेले मराठी पुस्तक मिळाले आणि ते त्यांनी पुन:पुन्हा वाचले. आजूबाजूला बौद्ध असा एक माणूस नाही, विहार नाही, भिक्खू नाही, शिकवणारा कोणी नाही. एका पुस्तकावरून या तरुणाने ठरवून टाकले की हा धर्म मुळातून समजून घ्यायचा. त्यासाठी संस्कृत हवे, म्हणून संस्कृत शिकायचे. १८९९ च्या अखेरीस घर सोडले, तेव्हा पहिली मुलगी माणिक तान्ही होती. बाळाबाई गोव्यातच राहिल्या. कोसंबी परत येऊन संसाराकडे वळले ते सुमारे सात वर्षांनी.

हे वाक्य पटकन ओलांडून जाऊ नये. पुरुषाच्या ज्ञानयात्रेची किंमत घरातल्या बाईने चुकवली, हे सिद्धार्थापासून चालत आलेले दुखणे आहे. सिद्धार्थाच्या बाबतीत आपण यशोधरेचे नाव तरी घेतो. बाळाबाईंचे नाव कोसंबींवर लिहिणारे बहुतेक लोक घेत नाहीत.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गाठ पडली. तिथून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत पंडितांकडे व्याकरण शिकायचे आणि अन्नछत्रात एक वेळ जेवायचे. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, थंडी, प्लेगची साथ, आणि मनातला हेतू कुणापुढे बोलायची सोय नाही. कारण हा विद्यार्थी शास्त्रे शिकतो आहे ती बुद्धाकडे जाण्यासाठी, हे कळले असते तर त्याला तिथे कोण थारा देणार?

त्याच दशकात मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला संस्कृत शिकायचे होते. त्याला ते शिकू दिले नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. त्याआधी साताऱ्याला वर्गात वेगळे बसवले, पाण्याला हात लावू दिला नाही. कोसंबी कितीही गरीब असले तरी काशीचे अन्नछत्र आणि पंडिताचा ओटा त्यांना उघडा होता, तो जातीमुळे. शाळेबाहेर राहून विद्वान होण्याची वाट कोसंबींना होती. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेतली वाटही धड नव्हती आणि बाहेरची तर मुळीच नव्हती. म्हणून कोसंबींचे उदाहरण देऊन पदवीत काय ठेवले आहे, असे कुणी आपल्या मुलांना सांगू लागला तर त्याला थांबवावे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांसाठी बाबासाहेब उपाशीपोटी अभ्यास करत राहिले, ते पदव्यांचा मोह होता म्हणून नव्हे. आपल्या माणसाला दार उघडायला किल्ली लागते, हे त्यांना माहीत होते.

मग कोसंबींकडून घ्यायचे काय? त्यासाठी त्यांच्या पुढच्या भटकंतीकडे पाहावे लागेल.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या नावाने आजही जिवंत असलेला धर्म तिथे पाहायला मिळेल, या आशेने. स्तूपाच्या परिसरात जे दिसले त्याने मन विटले. धर्माच्या नावाखाली कर्मकांड होते, बुद्धवचनाचा अभ्यास नव्हता. तिथून बोधगया. तिथे कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जायला हवे. कलकत्त्यात महाबोधी सभेची मदत झाली आणि ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोचले. सुमंगल महास्थविर तिथले प्रमुख. त्यांच्या हाताखाली कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. लहानपणापासून ज्या ग्रंथांची नुसती कल्पना केली होती, ते आता समोर उघडे होते. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही, म्हणून तिथून मद्रास आणि पुढे ब्रह्मदेश.

ब्रह्मदेशात ज्ञानतिलोक हे जर्मन भिक्खू त्यांच्या सोबतीला होते. हे मूळचे व्हायोलिन वाजवणारे. एक युरोपातला संगीतकार आणि एक गोव्यातला बागाईतदाराचा मुलगा, दोघे सगाईंच्या टेकड्यांमधल्या गुहेत ध्यान करत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. आजवरचे शिक्षण पुस्तकातले होते. इथे पहिल्यांदा अभ्यासाचा विषय स्वतःचे मन झाला.

भारतात परतल्यावर कोसंबी बोधगया, कुशिनारा, सारनाथ अशा ठिकाणी भिक्खू म्हणून हिंडले. आणि १९०६ मध्ये कलकत्त्यात असताना त्यांनी चीवर उतरवले.

हा त्यांच्या आयुष्यातला अवघड निर्णय असावा. ज्यासाठी घर सोडले, बायको-मूल सोडले, ती भिक्खूची अवस्था मिळाली होती. पण आपल्याला करायचे आहे ते काम, म्हणजे या देशातल्या लोकांपर्यंत बुद्ध पोचवणे, चीवरात राहून होत नाही हे त्यांना दिसले. आपल्या विहारांत आज चीवर घातलेल्या कुणाही माणसापुढे आपण आधी वाकतो आणि मग विचार करतो. कोसंबींनी स्वतःच्या अंगावरच्या चीवराचाही विचार केला. त्यांच्या श्रद्धेत त्यामुळे काही कमी झाले नाही, पालीचा अभ्यास उलट वाढला.

कलकत्त्यात नॅशनल कॉलेजात आणि नंतर विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. मॅट्रिकही न झालेला माणूस विद्यापीठात शिकवू लागला. पण त्यांना महाराष्ट्रात यायचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि पुस्तके लिहावीत, एवढीच अपेक्षा. कलकत्त्यात याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता. कोसंबींनी ५० रुपये घेतले. हेच सयाजीराव थोड्याच वर्षांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवणार होते. मराठी बौद्ध अभ्यासाचे ऋण मोजायला बसलो तर बडोद्याचा हा राजा दोन्ही वह्यांत सापडतो.

१९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी हार्वर्डचे बोलावणे आले. तिथे हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाची संशोधित प्रत तयार करायला घेतली होती आणि काम अपुरे टाकून १८९९ मध्येच तो वारला होता. ते पुरे करायला पाली आतून-बाहेरून जाणणारा माणूस हवा होता. ब्रह्मदेशी आणि सिंहली लिपीतल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहायचे, कुठला शब्द मूळचा आणि कुठला लेखनिकाच्या हातून घुसलेला हे ठरवायचे, असे ते काम. कोसंबींनी ते मन लावून केले. पण ग्रंथावर नाव कुणाचे आणि किती, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी वाजले आणि १९१२ मध्ये काम अर्धवट ठेवून ते परत आले. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठातही माणसे माणसेच असतात, हे त्यांनी तिथे पाहिले. पुढे १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि पुन्हा १९३१-३२, अशा आणखी तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत माणिक आणि दामोदर ही मुले सोबत होती. माणिक अमेरिकेत पदवीधर झाली. वडिलांना शाळा मिळाली नव्हती, म्हणून मुलांना त्यांनी घरी बसवले नाही. विशेषतः मुलीला शिकवले. हेही पदवीला नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात पाली आली त्यामागे कोसंबी आणि भांडारकर यांची खटपट होती. आज आपल्या मुलामुलींनी पालीत एम.ए. केले म्हणून आपण शाल-श्रीफळ देतो. त्या वर्गाची पहिली वीट कुणी ठेवली, हे त्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही.

‘विसुद्धिमग्ग’वर इतकी वर्षे घालवलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली माहीत असणार. हा ग्रंथ सांगतो की ध्यानाला बसण्याआधी माणसाने आपला स्वभाव ओळखावा. रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित असे सहा प्रकार त्यात दिले आहेत. ज्याला लोभ फार त्याचा ध्यानविषय वेगळा, ज्याला राग फार त्याचा वेगळा. असे चाळीस विषय आहेत. सगळ्यांना एकच औषध नाही. बुद्धिचरित मनुष्य हाही एक प्रकारच आहे, म्हणजे तल्लख बुद्धी हीदेखील माणसाची एक ठेवण. तिच्यामुळे बाकीचे आपोआप साधते असे नाही. हार्वर्डच्या अभ्यासिकेत बसून हा ग्रंथ अक्षर-अक्षर तपासता येतो, पण आपण कोणत्या चरिताचे, हे तिथल्या कुठल्याही प्रतीत लिहिलेले नसते. १९२५ मध्ये कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ हे छोटे पुस्तक मराठीत लिहून हा विषय सामान्य वाचकापुढे ठेवला.

त्यांचे आणखी एक काम इथे सांगायलाच हवे. राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या सम्राट अशोकाच्या भाब्रू शिलालेखात सात बुद्धवचनांची नावे आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी ती वारंवार ऐकावीत, असे अशोकाने कोरून ठेवले. ही वचने त्रिपिटकात नेमकी कुठली, यावर विद्वानांत वाद होता. १९१२ मध्ये कोसंबींनी त्यावर लेख लिहून ती ओळखून दाखवण्याचा प्रयत्न केला. त्या सातांपैकी एक आहे राहुलाला केलेला उपदेश, खोटे बोलण्यासंबंधीचा. तथागत आपल्या कोवळ्या मुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. मग ते समजावतात की कायेने, वाचेने किंवा मनाने काही करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर असेच पाहावे: याने माझे किंवा दुसऱ्याचे अहित तर होत नाही ना?

यात देव नाही, पोथी नाही, गुरूची परवानगी नाही आणि परीक्षाही नाही. मला स्वतःला कोसंबींचे चरित्र या एका सुत्ताभोवती फिरताना दिसते. पंडितांकडे गेले, शिकले, पुढे निघाले. संघात गेले, शिकले, पुढे निघाले. विद्यापीठात गेले, तिथलेही शिकले आणि पुढे निघाले. कुठल्याही संस्थेला त्यांनी तुच्छ मानले नाही, पण मी योग्य माणूस आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कुणाकडे मागितले नाही.

विज्ञानाशी त्यांचे वैर मुळीच नव्हते. अमेरिकेत त्यांनी समाजशास्त्र आणि मार्क्स वाचला. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला जाऊन तिथल्या बौद्ध विद्येच्या संस्थेत पाली शिकवली. समाजवादाचे आकर्षण शेवटपर्यंत होते. पण यंत्र, सत्ता आणि संपत्तीची वाटणी बदलली की माणसातली तृष्णा आपोआप विझेल, हे त्यांना पटले नाही. अहिंसेला प्रज्ञेची जोड हवी आणि प्रज्ञेला अहिंसेची, हा १९३५ च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या पुस्तकाचा गाभा आहे. मुलगा दामोदर मात्र गणितज्ञ झाला, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला, आणि गणिताची शिस्त घेऊन नाणी, लेणी, जुने रस्ते यांच्यावरून भारताचा इतिहास वाचू लागला. कार्ले, जुन्नर अशा लेण्यांकडे तो व्यापारी वाटा आणि विहारांचे अर्थकारण म्हणून पाहत होता. वडील त्याच धम्माकडे मनाच्या बाजूने आले होते. आपल्या मरोळजवळ कोंडिविट्याची, ज्यांना आता सगळे महाकाली म्हणतात ती, १९ लेणी आहेत. तिथल्या स्तूपासमोर उभे राहून हे दोन्ही प्रश्न विचारता येतात: हा दगड कोरायला पैसे कुणी दिले, आणि आत बसून ध्यान करणारा काय शोधत होता? पहिला प्रश्न अभ्यासकाकडे नेता येतो, तिथल्या ब्राह्मी लेखात दानाची नोंदही आहे. दुसऱ्याचे उत्तर लेखात मिळत नाही.

आता ती कारणे, ज्यांमुळे कोसंबी आपल्या फ्लेक्सवर नाहीत.

१९२२ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरले, विलेपार्ल्याच्या छावणीचे काम पाहिले, तुरुंगात गेले. मरोळपासून ती जागा किती लांब? आणि त्याच वर्षी, मार्च १९३० मध्ये, बाबासाहेब नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या माणसांना घेऊन उभे होते. बुद्धाचा एवढा मोठा अभ्यासक त्या दाराशी नव्हता, तो मिठागराच्या बाजूला होता. आपल्या लोकांना हे खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. पुढे परळला त्यांनी बहुजन विहार काढला, गिरणी कामगारांच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत, त्यांच्यासाठीच. ही गोष्ट त्यांच्या बाजूने मोजायला हवी. पण त्याला पैसा बिर्लांचा होता. काही वर्षांतच कोसंबी तिथून बाहेर पडले.

एवढ्यावरून त्यांना गांधीवादी म्हणून बाजूला सारायचे असेल तर आधी ‘भगवान बुद्ध’ वाचावे. १९४०-४१ मध्ये दोन भागांत आलेल्या या ग्रंथात त्यांनी तथागतांच्या चरित्रावर चढलेली पुटे एकेक करून काढली. शुद्धोदन हा कुणी सार्वभौम महाराजा नव्हता, शाक्यांमधला एक जमीनधारक होता. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ रातोरात निघून गेला, ही कथा मुळात विपस्सी बुद्धाची, नंतर गौतमाला चिकटवलेली. जुन्या सुत्तात तर आई-वडील रडत असताना त्यांच्या देखत तो घराबाहेर पडतो. गृहत्यागामागे शाक्य आणि कोलिय यांचे शस्त्र उपसण्यापर्यंत गेलेले भांडण आहे, असे त्यांनी सुत्तनिपाताच्या आधाराने मांडले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ वाचलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. तिथेही बाबासाहेबांनी चार दृश्यांची कथा बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली आणि रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलिय संघर्षातून गृहत्याग दाखवला. बाबासाहेबांनी त्याला जे सामाजिक आणि राजकीय वजन दिले ते त्यांचेच आहे. पण ही वाट मराठीत आधी कुणी मोकळी केली होती, हे सांगितल्याने बाबासाहेबांचे मोठेपण कणभरही कमी होत नाही.

या पुस्तकाने लोक दुखावलेही. महावीरांच्या काळात श्रमण मांस घेत असत, असे ग्रंथाधारे लिहिल्याबद्दल जैन समाजातून मोठा विरोध झाला. त्याआधी ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’त त्यांनी पुराणांची आणि गीतेची परखड चिकित्सा केली होती. म्हणजे ज्यांच्यात ते वावरत होते त्यांनाच न आवडणारे ते लिहीत होते. गंमत अशी की जैनांचा रोष पत्करणाऱ्या याच माणसाला पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी खोल आदर होता. त्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे, १९४९ मध्ये निघाले.

आणि या आदरातूनच त्यांच्या आयुष्याचा शेवट आला, जो मला अजून पचलेला नाही. शरीर थकले होते, दुखणी पाठ सोडत नव्हती. आपले काम संपले, आता दुसऱ्यांवर भार होऊन जगू नये, असे त्यांना वाटू लागले. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात दोहरीघाट येथे त्यांनी अन्न सोडले. गांधीजींनी आग्रह केल्यावर ते थांबले. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा तोच मार्ग धरला आणि जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, शांतपणे देह ठेवला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी आदराने सांगितले.

उरुवेलेला हाडांचा सापळा होईपर्यंत उपवास करून ज्याने तो मार्ग व्यर्थ म्हणून सोडला आणि सुजातेची खीर घेतली, त्याचा हा अनुयायी. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्याला, म्हातारा आणि आजारी माणूस म्हणजे भार, हा विचार तपासावासा का वाटला नाही? घरातल्या आजारी वृद्धांनी असे मनात आणले तर आपण त्यांना काय सांगू? आपण त्यांचा हात धरू आणि पेज भरवू. कोसंबींबद्दल आदर ठेवूनही मी त्यांचा हा निर्णय बरोबर मानत नाही. काही जण याला संपूर्ण आत्मज्ञानाचा पुरावा म्हणतात. मला त्यात एवढेच दिसते की स्वतःला इतक्या कसोशीने पाहणाऱ्यालाही आपली एक बाजू अंधारात राहू शकते, आणि तथागतांनी संघ का काढला, नुसता एकट्याचा मार्ग सांगून ते का थांबले नाहीत, याचे उत्तर कदाचित इथे असेल. राहुललासुद्धा आरसा कसा धरायचा ते कुणीतरी सांगावे लागले.

स्मारक नको, अशी त्यांची इच्छा होती. काही करायचेच असेल तर होतकरू विद्यार्थ्यांना पाली शिकायला सिंहलद्वीपाला पाठवा, असे त्यांनी सांगून ठेवले होते. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी तयार केलेली नागरी प्रत १९४० मध्येच मुंबईला भारतीय विद्या भवनाने छापली होती. ज्या हार्वर्डच्या प्रतीसाठी चार वेळा समुद्र ओलांडला आणि नावावरून भांडण झाले, ती हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून १९५० मध्ये निघाली. वॉरनच्या नावाखाली, ती सुधारून सिद्ध करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी हे नावही त्यावर छापलेले आहे.